'नॉट फार, लव्ह' म्हणजे नेमकं किती मीटर?

पत्र: मी मूळची साताऱ्याची. फिजिओथेरपीची पदवी घेतली, काही वर्षं पुण्यात प्रॅक्टिस केली आणि आता इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या एका रुग्णालयात काम करते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण होते, त्यामुळे भाषेची धास्ती नव्हती. पण पेशंटला 'हाउ फार कॅन यू वॉक?' विचारलं की 'नॉट फार, लव्ह', 'टु द शॉप्स अँड बॅक', 'अ फेअर वे, ऑन अ गुड डे' अशी उत्तरं येतात. नोंदीत लिहू काय? माझ्या नोंदींमधलं 'वॉक्ड फिफ्टी मीटर्स फार' आणि 'टिल द टॉयलेट' सीनिअर बाई दर वेळी दुरुस्त करतात, पण कारण सांगत नाहीत. गेल्या बैठकीत एका पेशंटला आणखी आठवडाभर ठेवावं असं मी सुचवलं. 'आय अ‍ॅग्री विथ यू, अप टु अ पॉइंट' असं उत्तर आलं. मला वाटलं, मान्य झालं. दुसऱ्या दिवशी पेशंटला घरी पाठवलेलं होतं. त्यात रोज कुणी ना कुणी विचारतं, 'हॅव यू कम फार?' मी परकी आहे हे इतकं डोळ्यांवर येतं का? व्याकरणाचं एखादं पुस्तक सुचवाल?

उत्तर:

ताई, पुस्तक नको. तुमचं व्याकरण चांगलं आहे. अडचण अशी आहे की अंतराचे आणि प्रमाणाचे इंग्रजी वाक्प्रचार मोजमाप सांगायला क्वचितच वापरले जातात. बोलणारा त्यातून स्वतःबद्दल सांगत असतो: मला झेपतं, मला झेपत नाही, तुमचं पटलं, तुमचं पटलं नाही. तुम्ही पडलात शास्त्राच्या, म्हणून तुम्ही त्यात आकडा शोधता. आकडा त्या शब्दांत नसतोच, तो वेगळा विचारून काढावा लागतो.

पेशंटपासून सुरुवात करते, कारण तिथे गैरसमज झाला तर तो पेशंटलाच भोवतो.

'नॉट फार' म्हणणाऱ्या आजोबांना शंभर मीटर म्हणायचं असेल, नाहीतर पलंगापासून खिडकीपर्यंतही. तिथली जुनी पिढी, विशेषतः उत्तरेकडची, दुखणं कमी करून सांगते. 'अ बिट ऑफ अ स्ट्रगल' म्हणजे चांगलंच अवघड जातंय. 'आय कॅन गेट अबाउट' म्हणजे हिंडता-फिरता येतं, मग भिंतीला धरून का होईना. त्यांच्या बोलण्यातला 'अ बिट' तुम्ही शब्दशः घेतलात तर नोंदीत पेशंट आहे त्याहून ठणठणीत दिसेल.

'टु द शॉप्स अँड बॅक' या उत्तरातला कामाचा भाग शेवटचा आहे. जाऊन परतही येता येतं, म्हणजे अंतर दुप्पट. उलट 'आय कॅन गेट अ‍ॅज फार अ‍ॅज द बस स्टॉप' म्हणणारा माणूस परतीबद्दल चकार शब्द बोललेला नाही. तो स्टॉपच्या बाकावर बसत असेल आणि मुलगी गाडी घेऊन न्यायला येत असेल. 'अ‍ॅज फार अ‍ॅज' म्हटलं की मर्यादा आली: तिथवर, त्यापुढे नाही. म्हणून लगेच विचारायचं, 'अँड हाउ डू यू गेट बॅक?'

'अ फेअर वे' म्हणजे बऱ्यापैकी लांब. पण त्याला 'ऑन अ गुड डे' जोडलं की ते उत्तर रोजचं राहिलं नाही. वाईट दिवस कसा असतो आणि आठवड्यात असे किती येतात, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथे 'गुड'बद्दल एक सांगते, कारण भल्याभल्यांना तो चकवतो. 'अ गुड टेन मिनिट्स' म्हणजे किमान दहा मिनिटं, बहुधा जास्तच. 'अ गुड माइल' म्हणजे मैलाच्या वर. त्या दहा मिनिटांत चांगलं काही नसतं. तसंच 'द बेस्ट पार्ट ऑफ अ‍ॅन आवर' म्हणजे जवळजवळ पूर्ण तास. अमेरिकेत त्यालाच 'द बेटर पार्ट' म्हणतात. एखाद्या आजी म्हणाल्या, 'इट टेक्स मी द बेस्ट पार्ट ऑफ अ‍ॅन आवर टु गेट ड्रेस्ड', तर कपडे घालायला त्यांना तास लागतो, ही त्यांची तक्रार आहे. ती हसत सांगितलेली असते, म्हणून निसटते.

शिवाय ही मंडळी यार्डांत बोलतात. त्यांना जुनाट समजू नका. ब्रिटनमध्ये रस्त्यांवरच्या पाट्या आजही मैल आणि यार्डांतच आहेत. शेजारच्या आयर्लंडने वेगमर्यादेच्या पाट्या जानेवारी 2005 मध्ये किलोमीटरवर आणल्या, ब्रिटनने नाही. एक यार्ड म्हणजे 0.9144 मीटर, तेव्हा 'अ हंड्रेड यार्ड्स' म्हणजे साधारण 91 मीटर. पण खरं सांगायचं तर बोलताना कुणी यार्ड मोजलेले नसतात. 'अ हंड्रेड यार्ड्स' हे बहुतेकदा 'थोडंसं अंतर' या अर्थाने येतं. म्हणून आकडा ऐकला तरी खूण विचारा: घराच्या दारातून कुठवर, पोस्टाच्या पेटीपर्यंत की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत?

हे मी इतकं ताणून धरते आहे त्याला कारण आहे. तुम्ही लिहिलेलं वाक्य फाइलमध्ये पडून राहत नाही. 2013 पासून तिथे दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना 'पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट' नावाची सरकारी मदत मिळते. त्यातल्या चालण्याच्या भागात गुण ठरतात ते 20, 50 आणि 200 मीटर या टप्प्यांवर. अर्जाबरोबर लोक रुग्णालयाची कागदपत्रं जोडतात. त्यातही नुसतं एकदा चालून दाखवता आलं एवढं पुरत नाही. ते सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमतं का हे पाहिलं जातं. 'पेशंट कॅन वॉक टु द शॉप' असं तुम्ही सहज लिहून गेलात आणि वाटेत तीनदा थांबावं लागतं हे राहिलं, तर त्या माणसाच्या हातची मदत जाऊ शकते.

तेव्हा 'हाउ फार कॅन यू वॉक?' हा प्रश्न ठेवा, पण त्यावर थांबू नका. 'व्हेअर डू यू गेट टु?' विचारा. 'डू यू हॅव टु स्टॉप ऑन द वे?' विचारा. कशामुळे थांबता, दम लागतो की गुडघा दुखतो, तेही विचारा. काठी की फ्रेम, कुणी सोबत असतं का, दुसऱ्या दिवशी पुन्हा जमतं का. नोंदीत पेशंटचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवा, 'नॉट फार' असेल तर 'नॉट फार'च, आणि तुम्ही स्वतः कॉरिडॉरमध्ये मोजलेले मीटर वेगळ्या ओळीत लिहा. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी तुम्ही शिकलेल्याच आहात. 30 मीटरच्या सपाट वाटेवर माणूस जेवढा चालला तेवढे मीटर, तिथे वाक्प्रचाराला वावच नाही. सांगितलेलं आणि मोजलेलं यात तफावत दिसली तर तीही लिहा. बहुतेक वेळा महत्त्वाचं तिथेच असतं.

आता तुमच्या नोंदींकडे येऊ. 'फिफ्टी मीटर्स फार' का चालत नाही? तुमची चूक समजण्यासारखी आहे. 'फॉर्टी इयर्स ओल्ड' चालतं, 'सिक्स फीट टॉल' चालतं, 'टू मीटर्स लाँग', 'टेन फीट डीप' सगळं चालतं. मग 'फार'ने काय घोडं मारलं? नियमाच्या आधारे समजवायचं तर एवढंच की 'फार' आणि 'हेवी' हे शब्द आकड्यामागे उभे राहत नाहीत. 'टू किलोज हेवी'ही कुणी म्हणत नाही. आकडा आला की 'फार' गेला. चालण्याबद्दल लिहिताना नुसतं 'वॉक्ड फिफ्टी मीटर्स' लिहा. जागेबद्दल असेल तर 'फिफ्टी मीटर्स अवे' किंवा 'फिफ्टी मीटर्स फ्रॉम द वॉर्ड'. आपल्याकडे 'स्टेशन पाच किलोमीटर लांब आहे' हे वाक्य निर्दोष आहे, म्हणून तो 'फार' नकळत घुसतो. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतही तो रोज ऐकू येतो.

आकडा नसेल तेव्हाही 'फार' जपून वापरा. प्रश्नात आणि नकारात तो घरचा आहे: 'इज इट फार?', 'इट इज नॉट फार.' 'टू', 'सो' यांच्या सोबतही बरा दिसतो: 'टू फार टु वॉक'. पण साध्या होकारार्थी वाक्यात इंग्रज माणूस 'इट इज फार' सहसा म्हणत नाही. तो 'इट्स अ लाँग वे' म्हणतो, नाहीतर 'इट्स क्वाइट अ वॉक'. 'इट इज फार' चुकीचं नाही, पण ऐकणाऱ्याला बोलणारा बाहेरून आलेला आहे हे तेवढ्यावरून कळतं.

'टिल द टॉयलेट'चं मूळ आपल्या 'पर्यंत'मध्ये आहे. हा एकटा प्रत्यय आपल्याकडे किती कामं करतो! स्टेशनपर्यंत, पाच वाजेपर्यंत, पन्नास रुपयांपर्यंत, गुडघ्यापर्यंत, शिवीगाळ करण्यापर्यंत. इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली आहेत. 'टिल' आणि 'अंटिल' वेळेसाठी. जागेसाठी 'टु', आणि तिथून पुढे जमत नाही असं सांगायचं असेल तरच 'अ‍ॅज फार अ‍ॅज'. म्हणजे 'वॉक्ड टु द टॉयलेट' लिहिलंत तर चालत गेला एवढंच. 'अ‍ॅज फार अ‍ॅज द टॉयलेट' लिहिलंत तर तिथे थांबला. संख्येसाठी 'अप टु', आणि ते दोन शब्द आहेत, आपल्याकडे जोडून लिहायची सवय आहे ती सोडा. पण नोंदीत 'वॉक्स अप टु फिफ्टी मीटर्स' लिहिताना लक्षात ठेवा की याचा अर्थ जास्तीत जास्त पन्नास. एखाद्या दिवशी दहाच. मोजलेले पन्नास असतील तर 'अप टु' काढा.

वेळेच्या 'पर्यंत'मध्ये आणखी एक फाटा आहे. 'पाचपर्यंत बसा' आणि 'पाचपर्यंत रिपोर्ट पाठवा' या दोन्हींत आपला 'पर्यंत' एकच. इंग्रजीत पहिला 'अंटिल फाइव्ह', दुसरा 'बाय फाइव्ह'. 'आय विल सेंड इट टिल फाइव्ह' ऐकून समोरचा गोंधळतो, पाचपर्यंत सतत पाठवत राहणार की काय. 'टिल डेट' हाही आपला खास भारतीय प्रयोग. तिथे 'टु डेट' म्हणा किंवा सरळ 'सो फार'. मात्र 'सो फार' आणि 'अंटिल नाउ' एकमेकांच्या जागी टाकू नका. 'नो पेन सो फार' म्हणजे अजून तरी दुखलेलं नाही. 'नो पेन अंटिल नाउ' वाचून डॉक्टर विचारतील, मग आता काय झालं? आणि यॉर्कशरमध्ये आहात म्हणून सांगते: तिथले जुने लोक 'अंटिल'च्या जागी 'व्हाइल' म्हणतात. 'नाइन व्हाइल फाइव्ह' ऐकलंत तर ते नऊ ते पाच आहे. तुम्ही तसं बोलायची गरज नाही, कळलं म्हणजे झालं.

व्यायाम करून घेताना मात्र 'फार' हा शब्द तुमच्या उपयोगाचा आहे. हात वर करायला सांगताना 'अ‍ॅज फार अ‍ॅज यू कॅन' म्हणजे आपलं 'जमेल तेवढा'. आणखी थोडा हवा असेल तर 'अ बिट फर्दर', 'मोअर फार' कधीच नाही. 'फार्दर' की 'फर्दर' यात अडकू नका, ब्रिटनमध्ये 'फर्दर' अंतरासाठीही चालतो. पूर्ण वर, 'ऑल द वे अप'. सावकाश पूर्ण खाली, 'ऑल द वे डाउन'. बास म्हणायचं असेल तर 'दॅट्स फार इनफ'. प्रसूती विभागात ड्यूटी लागली आणि कुणी एखाद्या बाईंना विचारलं, 'हाउ फार अलाँग आर यू?', तर तो कितवा महिना हा प्रश्न आहे.

बैठकीचं आता. 'अप टु अ पॉइंट' हा सभ्य नकार आहे. 'टु सम एक्स्टेन्ट' आणि 'टु अ सर्टन एक्स्टेन्ट' हेही त्याच घरातले. आपल्याकडे 'काही अंशी खरं आहे' म्हटलं की पुढे 'पण' येणार हे आपण ओळखतो ना, तसंच तिथेही. फरक एवढाच की इंग्रज माणूस तो 'पण' अनेकदा बोलतच नाही, तुम्ही ओळखला असेल असं धरून चालतो. म्हणून असं उत्तर आलं की तिथल्या तिथे विचारायचं: 'विच पार्ट आर यू नॉट हॅपी विथ?' हा उद्धट प्रश्न नाही. त्यांच्या बैठकांत तो नेहमी विचारला जातो. याउलट 'टु अ लार्ज एक्स्टेन्ट' म्हणजे खरोखर बरंचसं पटलंय. 'आय वुडन्ट गो दॅट फार' म्हणजे तुम्ही जरा जास्तच म्हणताय. 'अ‍ॅज फार अ‍ॅज आय नो' हे सावधगिरीचं, माझ्या माहितीप्रमाणे, उद्या चुकीचं निघालं तर मला धरू नका. 'अ‍ॅज फार अ‍ॅज आय अ‍ॅम कन्सर्न्ड' म्हणजे माझ्यापुरतं विचाराल तर.

डिस्चार्जच्या चर्चेत दोन वाक्यं कानाआड होऊ देऊ नका. 'शी इज फार फ्रॉम रेडी' म्हणजे मुळीच तयार नाही. 'शी इज नॉट फार ऑफ' म्हणजे जवळजवळ तयार, घरी पाठवायच्या बेतात. घाईत दोन्हींत 'फार'च ऐकू येतो आणि अर्थ उलटे आहेत. तुमच्या पेशंटबद्दल कुणी दुसरं वाक्य बोललं असेल आणि तुम्ही पहिलं ऐकलं असेल, असंही झालं असेल, आठवून पाहा.

'क्वाइट'बद्दलही सावध राहा. ब्रिटिश सहकारी तुमच्या कामाला 'क्वाइट गुड' म्हणाला तर बरं आहे, एवढंच. तेच एखाद्या अमेरिकन डॉक्टरने म्हटलं तर ती चांगली शाबासकी आहे. पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हटलं की दोघांच्याही तोंडी त्याचा अर्थ साफ अशक्य. विशेषण मुळातच टोकाचं असेल तर 'क्वाइट' त्याला आणखी धार लावतो.

राहिला 'हॅव यू कम फार?' यानं तुम्ही दुखावल्या आहात हे पत्रातून कळलं. पण बहुतेक वेळा हा आज सकाळचा प्रश्न असतो: कामाला कुठून येता, बसने की गाडीने, वाटेत गर्दी होती का. अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचं ते तिथलं ठरलेलं वाक्य आहे. राणी एलिझाबेथ दुसऱ्या भेटायला उभ्या असलेल्या लोकांना हेच विचारत, असं तिथे आवर्जून सांगितलं जातं. त्याला 'नॉट फार, जस्ट डाउन द रोड' एवढं उत्तर पुरतं. 'डाउन' म्हणजे उतार नव्हे, इथेच जवळ. कुणाला खरंच तुमचं गाव जाणून घ्यायचं असेल तर तो पुढे 'व्हेअर आर यू फ्रॉम ओरिजिनली?' विचारेल. त्याला सातारा सांगायचं की नाही, ही तुमची मर्जी. विचारणाऱ्याचा सूर बोचरा वाटला तर विषय बदलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सीनिअर बाईंशी एकदा बोला. त्या दुरुस्त करतात म्हणजे वाचतात, आणि हे चांगलं आहे. पाच-सहा दुरुस्त केलेल्या नोंदी घेऊन जा आणि प्रत्येकीमागचं कारण विचारा. वर लिहिलेलं हातात असलं की त्यांचं उत्तर पटकन कळेल. आणि घरी पाठवलेल्या त्या पेशंटची तुम्हाला अजून काळजी वाटत असेल तर ती मनात ठेवू नका. कम्युनिटी फिजिओकडे, म्हणजे रुग्णालयाबाहेर पेशंटला पाहणाऱ्या फिजिओकडे, रेफरल गेलंय का ते विचारा, गेलं असेल तर 'हाउ फार हॅज इट गॉट?' म्हणजे कुठवर आलंय तेही विचारा, आणि तुमची मोजलेली मीटरची नोंद त्यासोबत पाठवा.